हाड कानाबद्दल काही सांगत नाही

माझी आत्या चेहरे करते. कोणी विचारलं तर ती एवढंच सांगते. नवीन शेजारणीने "मग भुवयाही करता का?" असं विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "करते की. पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या भुवया फार दाट असतात." शेजारीण पुढे बरेच दिवस वेळ मागत होती.

आत्या संग्रहालयाच्या तळघरात काम करते. तिच्यासमोर कवटीची प्रतिकृती ठेवतात आणि तिने त्या कवटीचा माणूस करायचा असतो. आधी ती कवटीवर ठिकठिकाणी छोट्या खुंट्या चिकटवते. कपाळावर आखूड, गालावर लांब; तिथे मांस जेवढं जाड असेल तेवढी खुंटीची उंची. मग मातीचे स्नायू, जबड्यापासून कानशिलापर्यंत, एकावर एक. मग कातडी. शेवटी त्या मातीच्या चेहऱ्याचा साचा घेऊन सिलिकॉनचा चेहरा ओतायचा, काचेचे डोळे बसवायचे आणि केस सुईने एकेक करून रोवायचे. माझ्या जन्माआधीपासून ती हेच करते आहे. तिच्या हातांना ओल्या मातीचा वास येतो. सगळ्याच आत्यांच्या हातांना तो येतो, असं लहानपणी मला वाटायचं.

नाकाचं हाड नाकाबद्दल बरंच सांगतं. दात ओठांबद्दल सांगतात. स्नायू जिथे चिकटलेला असतो तिथे हाड खडबडीत होतं, त्यावरून जबड्यातला जोर कळतो. "कानाचंच काय ते अडतं," आत्या म्हणायची. "हाड कानाबद्दल काही सांगत नाही. कान म्हणजे नुसती मऊ कूर्चा, ती मातीत जाते. मागे उरतं एक भोक."

म्हणून तिने स्वतःपुरता एक नियम केला होता. कान मनाने करायचे नाहीत. मनाने केलं की हात नकळत स्वतःच्या चेहऱ्याकडे वळतो, आणि मग दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कारागिराचे कान फुटतात. या धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळ्यांच्या हातून ते होतंच. तेव्हा कान जिवंत माणसाचे घ्यायचे. साचा काढायचा आणि जसेच्या तसे लावायचे.

वरच्या दालनात तिने केलेले चार जण रांगेत उभे आहेत. पहिला झाडावरून नुकताच उतरल्यासारखा, दोन पायांवर चालणारा, उंचीला आपल्या कमरेएवढा. त्याला संग्रहालयाच्या जुन्या दरवानाचे कान आहेत. ते सुपाएवढे होते, त्यामुळे शोभले. दुसरा, विस्तव जपायला शिकलेला, त्याला माझ्या आतोबांचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचे कान आहेत. तिसरा थंड मुलखातला, जाड भुवयांचा म्हातारा शिकारी. त्याला माझ्या बाबांचे. चौथी, गुहेच्या भिंतीवर जनावरं रंगवणारी बाई. तिला आत्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या रंगकाम करणाऱ्या मैत्रिणीचे.

ज्यांचे कान घेतले त्या चौघांपैकी आता कोणीही हयात नाही.

हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण त्यात फसवणूक आहे. दरवान म्हातारे होते. आतोबांचं हृदय आधीपासून अधू होतं. बाबा धरणाच्या दारांची दुरुस्ती करणारे पाणबुडे होते. त्या धंद्यातली माणसं घरी परत आली तरच नवल मानायचं. मैत्रीण बदली होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि मग तिची बातमी आली. मधे कितीतरी वर्षं गेली. पण तळघरात चहाच्या वेळी आत्यासमोर कानाचा विषय कोणी काढत नसे. नवीन दरवान तेवढा धीट होता. आत्या समोर आली की तो मफलर कानांवरून घट्ट आवळायचा. "मावशी, माझ्या पोरांची लग्नं व्हायची आहेत अजून," म्हणायचा. आत्या हसायची. नंतर जिना उतरताना मात्र ती कठड्याला धरून उतरायची.

बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आई त्याच्या फार आधी गेली होती. तेव्हापासून मी आणि आत्या एकत्र राहतो, एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि थ्रीडी स्कॅनिंग करण्यासाठी त्याच संग्रहालयात कंत्राटावर लागले. रोज सकाळी आत्या स्कूटर चालवते आणि मी मागे बसते.

पाचव्या चेहऱ्याचं काम आलं ते माझ्यापासूनच सुरू झालं. पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्तीत एका घराच्या जमिनीखाली एक मुलगी पुरलेली सापडली होती. त्या काळी काही ठिकाणी आपली माणसं अशी घरातच पुरत. वर चूल, वर झोपायची जागा, खाली आजी-आजोबा. या मुलीच्या पायाच्या अंगठ्यांचे सांधे झिजलेले होते आणि गुडघ्यांवर खुणा होत्या. रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून, अंगठे दुमडून, दगडावर दाणे रगडले की असं होतं. शेती आली आणि तिच्याबरोबर हे आलं. शिकारी माणसाच्या हाडांवर या खुणा नसतात. ती साधारण माझ्याच वयाची होती.

कवटी इतकी ठिसूळ होती की तिचा साचा काढणं शक्य नव्हतं. मोठ्या दवाखान्यातल्या सीटी यंत्रात, रुग्ण नसताना, आम्ही ती एका पेटीत ठेवून तपासली, आणि त्या माहितीवरून मी संगणकात कवटी उभी करून प्रिंट काढली. सॉफ्टवेअरमध्ये 'भोकं बुजवा' असं एक बटण असतं. ते दाबलं नाही तर प्रिंट बिघडते. मी दाबलं. या धंद्यात सगळेच दाबतात. कानाची भोकं बुजली तर काय बिघडतं, वरून कान येणारच असतात.

आत्याने चेहरा केला. गालफडं वर आलेली, वरचा ओठ किंचित पुढे, काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी मान. दालनाच्या प्रमुख बाई बघायला आल्या आणि त्यांनी चेहऱ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "कान राहिलेत."

"बघते," आत्या म्हणाली.

"बघायचं काय त्यात? भाची घरातच आहे की. वयही तेच."

आत्याने हातातलं कोरणं खाली ठेवलं. "तिचे नाही घेणार."

मग कोणाचे, ते काही ठरेना. सिग्नलला स्कूटर थांबली की आत्या शेजारच्या मुलींच्या कानांकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची. दुकानात सुट्टे मोजणाऱ्या पोरीला ती विचारणार होती, तर तेवढ्यात आतून त्या पोरीच्या आईने हाक मारली आणि आत्या चार अंडी घेऊन परत आली. अंडी घरात आधीच भरपूर होती.

उद्घाटन जवळ येत होतं आणि मुलगी कानांवाचून उभी होती. दोन्ही बाजूंना गुळगुळीत. एका संध्याकाळी घरी मी विषय काढला.

"माझे घे ना. पाच मिनिटांचं काम."

"नको म्हटलं ना."

"तू शिकलेली बाई आहेस, आत्या."

"आहे ना. मग शिकलेल्या बाईचं ऐक."

"अगं पण ते सगळे म्हातारे होते. कोणीतरी जातंच. तुला काय वाटतं, बाबांना तू मारलंस?"

भाजी चिरणारा तिचा हात थांबला. मला शब्द परत घ्यावेसे वाटले, पण ते बाहेर पडून गेले होते. तिने उरलेली भाजी चिरून संपवली. सकाळी तळघरात तिने एक वाडगं काढलं, दातांचे डॉक्टर साच्यासाठी वापरतात ती पूड त्यात पाण्यात कालवली आणि मला म्हणाली, "केस वर बांध."

तिने माझ्या कानांत कापूस घातला, एका कुशीवर झोपवलं आणि तो गार, पुदिन्याच्या वासाचा लगदा कानावर ओतला. आधी उजवा. एकदम सगळं बंद झालं आणि माझी नाडी मला ऐकू आली. मला गंमत वाटली. मग डावा.

डाव्या कानात नाडी नव्हती. तिथे काहीतरी घासत होतं. दगडावर दगड, पुढे आणि मागे, मधे एक छोटा थांबा, जसं कोणी दाणे पुढे सारायला थांबावं. मग पुन्हा. पुढे, मागे. मी डोळे उघडले. आत्याचे ओठ हलत होते, पण मला फक्त ते घासणं ऐकू येत होतं.

साचा निघाला तेव्हा डावीकडचा कापूस पिवळट ओला होता. आत्याने तो नाकाशी नेला.

"हे काय गं?"

"आंघोळीचं पाणी असेल."

"पाण्याला असा वास येतो?"

"आत्या, तू आता कापसात पण भुतं शोधणार का?"

तिने कापूस टाकून दिला. दुपारपर्यंत माझे कान त्या मुलीला लागले होते. मी बघायला गेले. आपले कान आपल्याला कधी दिसत नाहीत. आरशात समोरून जेवढे दिसतात तेवढेच. त्यामुळे ते माझे आहेत असं मला मुळीच वाटलं नाही. ते तिचेच वाटले.

घासण्याचा आवाज मात्र राहिला. जेवताना यायचा, दात घासताना यायचा. एकदा रविवारी दुपारी मी आत्याला विचारलंसुद्धा, "वर कोणी काही वाटतंय का गं?"

"वर कोण असणार?" ती म्हणाली. "वर गच्ची आहे."

मी खिडकी लावून घेतली. आवाज खिडकीतून येत नव्हता.

नवीन दालनात एक पडदा लागणार होता, ज्यावर लोकांना कवटीच्या आत फिरून बघता येईल. त्यासाठी पाचही कवट्यांच्या मूळ फायली मला लागल्या. आत फिरायचं तर बुजवलेली भोकं उघडायला हवीत, म्हणून मी ती एकेक करून उघडत गेले. दुसरीनंतर तिसरी उघडली, थंड मुलखातल्या म्हाताऱ्याची. डावा कान मोकळा. उजव्या कानाच्या नळीत दोन्ही बाजूंनी हाडाचे गोळे आले होते, इतके की मधे केसाएवढी फट उरली होती.

मी खुर्ची मागे सरकवली.

माझ्या बाबांचा उजवा कान असाच बंद झाला होता. गार पाण्यात वर्षानुवर्षं बुड्या मारणाऱ्यांच्या कानात हाड वाढतं. तो म्हाताराही आयुष्यभर गार पाण्यात उतरत असणार, मासे, शिंपले, काय असेल ते. बाबांशी बोलायचं तर सगळे डावीकडे जाऊन बसायचे. आत्याने त्याला बाबांचे कान लावले तेव्हा तिच्याकडे जी प्रतिकृती आली होती तिची भोकं बुजवलेलीच होती. तिला हे कळायला काही मार्गच नव्हता.

आणि तरी, मी लहानपणापासून बघत आले होते, की दालनातून जाताना आत्या त्या म्हाताऱ्याजवळ थांबते आणि काहीतरी पुटपुटते. नेहमी त्याच्या डाव्या बाजूला.

मी तिला बोलावून पडद्यावर दाखवलं. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"दादा," ती इतकंच म्हणाली. मग माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "पाचवी उघड."

"आत्या, हा योगायोग आहे. अशी हाडं त्या लोकांत पुष्कळांच्या कानांत सापडली आहेत."

"असेल. पाचवी उघड."

मी उघडली. उजवा कान स्वच्छ होता. डाव्या कानामागे जे हाड असतं, बोटाने चाचपलं तर लागतं ते, त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे असतात. मुलीच्या उजवीकडे ते होते. डावीकडे नव्हते. तिथे एक पोकळी होती, कडा झिजलेल्या, आतून कोणीतरी खात गेल्यासारखी, आणि पोकळीच्या टोकाला मेंदूच्या बाजूला एक छोटं भोक. ते भोकही सॉफ्टवेअरने बुजवलं होतं.

चुलीचा धूर, गुरांचा शेजार, दाण्यांची धूळ, एका छपराखाली कोंबलेली माणसं. कान फुटणं त्यांच्या घरात नवीन नसणार. ती त्यानेच गेली होती. तिला शेवटी काय ऐकू येत असेल याचा विचार माझ्या मनात आला आणि डाव्या कानात ते घासणं अगदी शांतपणे चालू होतं. पुढे, मागे.

आत्याने माझी हनुवटी धरून मान वळवली आणि माझ्या कानाचा वास घेतला. माझ्या लहानपणी ती दुधाचा वास घ्यायची, नासलं का बघायला, अगदी तसा.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

"आता? उद्या जाऊ."

"चप्पल घाल."

डॉक्टर तरुण होते आणि आधी हसतमुख होते. कानात दुर्बीण घातल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं. कानात एक गाठ होती, जी दुखत नाही पण आजूबाजूचं हाड खात जाते. कधीपासून आहे, विचारलं. मला सांगता येईना. "अजून थोडे महिने काढले असतेत तर ती आत शिरली असती," ते म्हणाले आणि कुठे ते बोटाने स्वतःच्या डोक्यावर दाखवलं. ते बोट मी संगणकावर पाहिलेल्या भोकाच्या जागी टेकलं होतं.

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. डाव्या कानाने मला आता जवळजवळ ऐकू येत नाही, आणि स्कूटरवर आत्या काही बोलली की मला उजवीकडून पुढे वाकावं लागतं. घासण्याचा आवाज थांबला. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा मला ते जाणवलं, जसं पंखा बंद झाल्यावर तो चालू होता हे कळतं.

मला आत नेलं त्याच वेळी आत्या तिथून उठून संग्रहालयात गेली होती, हे मला नंतर दरवानाने सांगितलं. "मावशी धावत आल्या. काही न बोलता त्या पोरीजवळ गेल्या आणि दोन्ही कान उपटून काढले हो. हाताने. मी म्हटलं, अहो, उद्घाटन. तर म्हणाल्या, हिचं ऐकून झालंय."

ते कान तिने काय केले, ते मी विचारलं नाही. साचाही कपाटात नाही. प्रमुख बाईंनी थोडी कुरकुर केली, मग म्हणाल्या, काहीही लावा, पण लावा. आत्याने तळघराचं दार आतून लावून घेतलं आणि कोणाचाच साचा न घेता, आयुष्यात पहिल्यांदा, कान मनाने केले. "कोणाचेच नकोत," ती मला दवाखान्यात म्हणाली. "कोणाचेच नाहीत असे करते. मग कोणाचं काही व्हायला नको." हे सांगताना तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

पट्टी सुटल्यावर मी दालनात गेले. आत्या माझ्या शेजारी उभी होती, उजवीकडे. पाच जण दिव्यांत उभे होते आणि शेवटी ती मुलगी, मान किंचित कलती. एक शाळा बघायला आली होती; पोरं पहिल्याच्या नागडेपणावर हसत होती. मी मुलीच्या बाजूला गेले आणि केसांआडून कान बघितला.

वरच्या कडेला एक छोटी घडी होती, कागद दुमडून परत सरळ केल्यासारखी. पाळी गालाला सरळ चिकटलेली. पाळीच्या मागे एक खाच.

रोज सकाळी स्कूटरवर बसताना तो कान माझ्या नाकासमोर असतो. हेल्मेट घालताना आत्या आधी तो कान आत दाबते. तिला तो कधी दिसलेला नाही. तिला तो दिसायला काही मार्गच नाही.

"कसे झालेत?" आत्याने विचारलं. "कोणाचे वाटतात?"

शाळेची बाई पोरांना ओरडून पुढे नेत होती. मला उत्तर द्यायला जरा वेळ मिळाला.

"कोणाचेच नाही वाटत," मी म्हणाले.

"बघ," ती म्हणाली. "जमलं की नाही मला."

त्याला आता काही आठवडे झाले. मी ते कान बदलायला लावावेत का, आणि लावायचे तर तिला काय सांगून, हे मी रोज ठरवते आणि रोज मोडते. मी यंत्रांवर विश्वास ठेवणारी मुलगी आहे. माझी गाठ साचा घ्यायच्या कितीतरी आधीची होती, हे डॉक्टरांनी सांगितलंय. तसं पाहिलं तर त्या मुलीनेच मला वाचवलं. हेही मी स्वतःला सांगते, आणि ते पटतंही.

आज सकाळी आत्या ओट्याशी दूध तापवत होती. मी डबे भरत होते. ती चमचा हातात धरून थांबली. मान किंचित कलती झाली.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा छताकडे बघून म्हणाली, "वर कोणी काही वाटतंय का?"

मी गॅस बंद केला. दाराशी जाऊन तिची चप्पल उचलून आणली आणि तिच्या पायांपुढे ठेवली.

"घाल," मी म्हणाले.